कुरिअर बदलले, हे ग्राहकांना कसे कळवावे?

प्रश्न : डोंबिवलीत आमचा फराळ, मसाले आणि लोणची यांचा घरगुती स्वरूपाचा व्यवसाय आहे. गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या मागणीतला मोठा वाटा परदेशी पार्सलांचा झाला असून, ऑर्डरच्या निमित्ताने जमलेले सुमारे तेवीसशे ग्राहकांचे ईमेल पत्ते आमच्याकडे आहेत. आजवर आम्ही पार्सले टपालाने किंवा मिळेल त्या एजंटामार्फत पाठवत होतो. यंदा एका कुरिअर कंपनीशी वर्षभराचा करार झाला आहे. तिच्या मार्केटिंग विभागाने ग्राहकांना पाठवण्यासाठी मसुदा दिला असून, ‘दोन अग्रगण्य संस्थांमधील धोरणात्मक भागीदारी जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ अशी त्याची सुरुवात आहे. ‘यादी आम्हाला द्या, मेल आम्हीच पाठवतो,’ असेही ते म्हणतात. मुलाचे म्हणणे असे की आजकाल मेल कोणी वाचत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे व्हावे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही सोबत जोडलेला मसुदा मी वाचला. कुरिअर कंपनी किती देशांत पोहोचते, तिचा ताफा केवढा आहे, तुमच्या व्यवसायाला किती वर्षे झाली, दोघांची मूल्ये कशी जुळतात, हे सारे त्यात आहे. अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या मुलीसाठी चकल्या आणि अनारसे पाठवणाऱ्या ठाण्यातल्या आईला जे विचारायचे आहे, ते मात्र त्यात कुठेही नाही. तिला विचारायचे आहे की फराळ अजून तुम्हीच करणार आहात ना, पैसे कोणाला द्यायचे, पार्सल अडकले तर फोन कोणाला करायचा आणि लेकीच्या दारात कोणी ऐनवेळी जास्तीचे पैसे मागणार तर नाही ना. तुमचा करार ही तुमच्या दृष्टीने मोठी घटना आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ग्राहकाला त्या कराराशी एवढ्याच चार प्रश्नांपुरते कर्तव्य असते, आणि त्यांची उत्तरे देणारा मेल लिहायचा असेल तर कंपनीचा मसुदा दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो बाजूला ठेवून नव्याने लिहिणे सोपे जाईल.

लिहिण्याआधी एक काम करावे लागेल, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे काम हेच आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी आयात शुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्यानेही अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले काही आठवडे स्वीकारणे बंद ठेवले होते, आणि त्या दिवाळीत अनेक घरांतले फराळाचे डबे भरून तयार असताना इथेच राहिले. तुमच्या ग्राहकांच्या मनात ती आठवण ताजी आहे. तेव्हा शुल्क तुमच्या दरात धरलेले आहे की पार्सल घेणाऱ्याने ते भरायचे आहे, घेणाऱ्याने भरायचे असल्यास मागणी कोण करणार आणि कोणत्या मार्गाने, हे कुरिअर कंपनीकडून लेखी घ्यावे. विक्रीसाठी तयार केलेले खाद्यपदार्थ अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. ती कोण देणार, हेही त्याच पत्रात विचारून ठेवावे. ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी यांसारखी दुधाची मिठाई जैवसुरक्षेच्या नियमांत अडते, त्यामुळे त्या देशासाठी फराळाच्या डब्यात काय चालते आणि काय नाही, याची यादी त्यांच्याकडून मागून घ्यावी. ही उत्तरे हातात येईपर्यंत घोषणा करू नये. ‘सविस्तर माहिती लवकरच कळवू’ असे लिहिलेला मेल ग्राहकाला फक्त काळजी देतो, आणि मग तेवीसशे माणसांच्या शंकांना फोनवर उत्तरे देण्याचे काम तुमच्याच गळ्यात पडते.

आता यादीविषयी. ती देऊ नये. मेल तुम्हीच, तुमच्या नावाने आणि तुमच्या पत्त्यावरून पाठवावा. याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे. ग्राहक तुम्हाला ओळखतो, कुरिअर कंपनीला ओळखत नाही, आणि अनोळखी नावाने आलेल्या मेलमध्ये ‘तुमच्या फराळाविषयी’ असे काही दिसले तर शहाणा माणूस तो उघडणारच नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ज्या कामासाठी माणसाने आपली माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरावी, हे या कायद्यामागचे सूत्र आहे. ग्राहकाने ईमेल दिला तो पार्सल पोहोचल्याचे कळावे म्हणून, कोणा तिसऱ्याने त्याला सामान हलवण्याच्या किंवा पैसे पाठवण्याच्या योजना कळवाव्यात म्हणून नव्हे. युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या लोकांना तुम्ही माल विकत असाल, तर २०१८ पासून तिथे लागू असलेले माहिती संरक्षणाचे नियम याहून कडक आहेत. कुरिअर कंपनीला प्रत्यक्ष नोंदवलेल्या पार्सलापुरता पत्ता, फोन आणि मालाचा तपशील द्यावा लागेल, तो त्या त्या वेळी द्यावा, आणि ही माहिती ते स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरणार नाहीत, अशी एक ओळ करारात नसेल तर पुरवणी करून घालून घ्यावी. वर्षभराने करार संपला तरी यादी त्यांच्याकडे राहील, हे आज विसरू नये.

मसुद्यातल्या ‘भागीदारी’ या शब्दाविषयी एवढेच सांगतो की भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम २८ नुसार, जो स्वतःला एखाद्या फर्मचा भागीदार म्हणून लोकांपुढे मांडतो किंवा जाणूनबुजून तसे मांडू देतो, तो त्या भरवशावर फर्मला उधारी देणाऱ्याला भागीदारासारखाच जबाबदार धरला जाऊ शकतो. एका मेलमुळे असे काही घडण्याचा संभव फार थोडा आहे. तरीही तुमचा करार सेवा पुरवण्याचा आहे, आणि ‘आमची पार्सले यापुढे अमुक कंपनी पोहोचवेल’ असे साधे लिहिले तर ते वस्तुस्थितीला धरून होते आणि ग्राहकालाही पटकन कळते.

मेल कोणी वाचत नाही, हे तुमच्या मुलाचे म्हणणे सवलतींच्या जाहिरातींबाबत खरे आहे. पण परदेशी पार्सल पाठवणारा माणूस आपली रक्कम, पत्ता आणि तारीख यांविषयीचा मेल वाचतो, जपून ठेवतो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा शोधून काढतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप तोवर शुभेच्छांच्या चित्रांखाली गेलेला असतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. ग्रुप करावा तर सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना दिसतात. म्हणून मूळ पत्र मेलने पाठवावे, आणि नेहमीच्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पार्सलांविषयी मेल पाठवला आहे, कृपया पाहावा’ एवढेच कळवावे. मुलाची सूचनाही त्यामुळे वाया जात नाही.

तुमच्या यादीत एक गुंता असणार, जो या धंद्यात सर्वांना भेटतो. पैसे भरणारी व्यक्ती बहुतेक वेळा इथली असते, म्हणजे आई, सासरे किंवा मामा, आणि नोंदवलेला ईमेल मात्र पुष्कळदा परदेशातल्या मुलाचा असतो, कारण फॉर्म त्याने तिथून भरून दिलेला असतो. दोघांना कळायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. इथल्या माणसाला दर, शेवटची तारीख आणि ओळखपत्र यांविषयी सांगायचे आहे. तिथल्या माणसाला पार्सल कोणत्या नावाने येईल, फोन कोणाचा येईल आणि शुल्काचे काय, हे सांगायचे आहे. शक्य असेल तर जुन्या ऑर्डरींवरून यादीचे दोन भाग करावेत आणि पत्राचे दोन मसुदे करावेत. ते जमले नाही, तर एकाच पत्रात ‘पाठवणाऱ्यांसाठी’ आणि ‘घेणाऱ्यांसाठी’ असे दोन परिच्छेद ठेवून, हे पत्र घरच्यांनाही पुढे पाठवावे, अशी विनंती करावी. भाषा मराठीच ठेवावी. परदेशात वाढलेल्या ज्या थोड्या ग्राहकांना देवनागरी वाचायला जड जाते, त्यांच्यासाठी खाली चार ओळींचा इंग्रजी सारांश पुरेसा आहे.

मी लिहिले असते तर साधारण असे लिहिले असते :

‘विषय : परदेशी फराळाची पार्सले यंदा अमुक कुरिअरने जातील

नमस्कार,

तुम्ही आमच्याकडून परदेशी फराळ पाठवत आला आहात, म्हणून हा बदल तुम्हाला आधी कळवत आहोत. यंदापासून आमची परदेशी पार्सले अमुक कुरिअर कंपनी पोहोचवेल. फराळ पूर्वीप्रमाणेच आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात तयार होईल आणि डबे आम्हीच भरून बंद करू. डबा आमच्याकडून निघाल्यापासून दारात पोहोचेपर्यंतचे काम अमुक कुरिअरचे असेल. पार्सलाचा क्रमांक तुम्हाला आमच्याकडूनच मिळेल, आणि काही अडचण आली तर फोन आम्हालाच करावा.

ऑर्डर आणि पैसे नेहमीप्रमाणे आमच्याकडेच द्यायचे आहेत. आमचे बँक खाते आणि यूपीआय आयडी बदललेले नाहीत. ते बदलल्याचे सांगणारा मेल किंवा निरोप आला, तर पैसे भरण्यापूर्वी आमच्या जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी.

अमेरिकेतले आयात शुल्क आमच्या दरात धरलेले आहे. पार्सल घेणाऱ्याकडे त्यासाठी कोणी पैसे मागितले, लिंक पाठवली किंवा कार्डाचा क्रमांक विचारला, तर तो देऊ नये आणि आम्हाला कळवावे.

पार्सल नोंदवताना पाठवणाऱ्याचे ओळखपत्र लागते. ते या मेलला जोडून पाठवू नये. ऑर्डर नक्की झाल्यावर ते कसे द्यायचे, हे आम्ही फोनवर सांगू.

तुमचा पत्ता आणि फोन क्रमांक कुरिअर कंपनीला फक्त तुमच्या पार्सलापुरता दिला जाईल. ग्राहकांची यादी आम्ही कोणालाही दिलेली नाही.

दिवाळीपूर्वी पार्सल पोहोचण्यासाठी ऑर्डरची शेवटची तारीख अमेरिका व कॅनडासाठी अमुक, युरोपसाठी अमुक आणि आखाती देशांसाठी अमुक आहे. दरपत्रक सोबत जोडले आहे.

काही विचारायचे असल्यास याच मेलला उत्तर द्यावे. आमचे मेल नको असल्यास खालच्या दुव्यावर तसे कळवावे. तुमचा पत्ता यादीतून काढला जाईल.’

शुल्क घेणाऱ्याने भरायचे असल्याचे कुरिअर कंपनीने कळवले असेल, तर आयात शुल्काचा परिच्छेद अर्थातच बदलेल, आणि मग अंदाजे किती आणि कोणाच्या नावाने मागणी येईल, हे त्यात स्पष्ट लिहावे लागेल. दर वाढले असतील तर तेही झाकून ठेवू नये. मागच्या वर्षी अमुक किलोला काय पडत होते आणि यंदा काय पडेल, हे एका वाक्यात सांगावे. जोडलेल्या पत्रकात शोधून काढावी लागलेली वाढ ग्राहकाला फसवणुकीसारखी वाटते.

बँक खात्याविषयीचा परिच्छेद जागा वाचवण्यासाठी गाळावा असे कुरिअर कंपनी सुचवेल. तो गाळू नये. दोन व्यवसाय एकत्र आल्याची बातमी ही भामट्यांना मिळालेली आयती संधी असते, कारण ‘नव्या व्यवस्थेमुळे खाते बदलले आहे’ हे वाक्य त्या काळात कोणालाही खरे वाटते. बड्या कंपन्यांचे हिशेबनीससुद्धा अशा मेलला भुलून चुकीच्या खात्यात पैसे भरतात. परदेशात पार्सलाच्या शुल्काच्या नावाने खोट्या लिंक पाठवण्याचा प्रकारही सर्रास चालतो. यापुढे कधी खरोखरच खाते बदलावे लागले, तर ते केवळ मेलने जाहीर करू नये. ऑर्डर घेताना प्रत्येकाला फोनवर सांगावे. आणि एखादा ग्राहक भारतात फसलाच, तर त्याला विनाविलंब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवायचे असतील तर पहिले काही तासच हातात असतात. ओळखपत्राचेही तसेच आहे. आधारची प्रत मागावी लागली तर शेवटचे चार अंकच दाखवणारी झाकलेली प्रत चालेल का, हे कुरिअर कंपनीला विचारावे, आणि तुमच्या मेलपेटीत शेकडो लोकांची आधारपत्रे साठू देऊ नयेत.

पाठवण्याच्या तांत्रिक बाजूत फार शिरत नाही, परंतु काही गोष्टी टाळायलाच हव्यात. तेवीसशे पत्ते ‘सीसी’मध्ये टाकून मेल पाठवला, तर प्रत्येक ग्राहकाला उरलेल्या सर्वांचे पत्ते दिसतील, आणि यादी न देण्याविषयी वर लिहिलेले सगळे फुकट जाईल. जीमेलच्या मोफत खात्यातून दिवसाला ५०० जणांपुरतेच मेल जातात आणि ती मर्यादा ओलांडली की खाते काही काळ अडते, जे ऐन फराळाच्या हंगामात परवडणारे नाही. तुमच्या दुकानाच्या नावाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे स्वतःचे नाव, असेल तर त्यावरचा पत्ता आणि मेल पाठवणारी एखादी नेहमीची सेवा वापरावी, आणि डोमेन सांभाळणाऱ्या व्यक्तीला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी बरोबर आहेत ना, एवढे विचारावे; हा मेल खरोखर तुमच्याकडूनच आला आहे, हे समोरची मेलसेवा या नोंदींवरून ताडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक केली. तुमची संख्या त्याहून कमी असली तरी या नोंदी नसलेला मेल स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता जास्त असते. मेलसेवेतून पाठवताना पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचा पत्ता घातला, तर तोही बहुधा तिथेच जातो.

जे ग्राहक कित्येक वर्षांत फिरकलेले नाहीत, त्यांचे पत्ते या वेळी वगळावेत, कारण बंद पडलेल्या पत्त्यांवरून परत येणाऱ्या मेलांमुळे तुमच्या डोमेनची पत घसरते. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी मेलच्या तळाशी तुमचा टपालाचा पूर्ण पत्ताही असावा. व्यापारी मेलवर तो असणे आणि ‘मेल नको’ म्हणणाऱ्याचे नाव कामकाजाच्या दहा दिवसांत काढणे, हे तिथल्या २००३ च्या कायद्याने आवश्यक केले आहे.

वेळेचा विचार असा करावा. परदेशी ऑर्डरी नवरात्रात जोर धरतात, म्हणून हे पत्र गणपती विसर्जनानंतर लगेच गेलेले बरे. त्यापुढचा पंधरवडा पितृपक्षाचा असतो, आणि त्या काळात नवे काही जाहीर करू नये, असे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटत असेल तर वाद घालू नये. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच पत्र पाठवून मोकळे व्हावे; घटस्थापनेपर्यंत थांबलात तर अमेरिकेच्या शेवटच्या तारखेला फारच थोडे दिवस उरतील. भारतीय वेळेनुसार रात्री आठला मेल पाठवला तर न्यू जर्सीत त्या वेळी सकाळचे साडेदहा, कॅलिफोर्नियात साडेसात आणि लंडनमध्ये दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, आणि इथली मंडळीही जेवणाच्या आसपास फोन पाहतात. एकाच रात्री सगळे न पाठवता पहिल्या दिवशी दोन-तीनशे जुन्या ग्राहकांना पाठवावा. पत्रातली एखादी गोष्ट कळत नसेल, तर ती त्यांच्या उत्तरांतून कळेल आणि उरलेल्यांना सुधारलेला मसुदा जाईल.

उत्तरे येणारच, म्हणून ज्या पत्त्यावर उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून हा मेल पाठवू नये, आणि पहिले दोन-तीन दिवस घरातल्या एकाने तेवढेच काम पाहावे. कुरिअर कंपनीचा मार्केटिंग विभाग कदाचित नाराज होईल, कारण या पत्रात त्यांच्या नावाला दोन-तीन ओळीच मिळाल्या आहेत. त्यांना पत्राच्या तळाशी त्यांचे बोधचिन्ह द्यावे, ते वापरण्याची परवानगी मात्र मेलवर घेऊन ठेवावी, आणि शुल्क, ओळखपत्र व तारखा यांविषयीचे तीन परिच्छेद त्यांच्याकडून वाचून घेऊन, ‘हे बरोबर आहे’ असे त्यांच्या अधिकृत पत्त्यावरून लेखी आल्यावरच पत्र पाठवावे.